घराच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत यूएसडीसी आणि इथर कुठे ठेवावे? आवे, कंपाउंड, मॉर्फो, स्काय आणि लिडो यांची तुलना

सिंहगडरोड (प्रश्न)

नमस्कार. २०२१ पासून थोडे थोडे करून जमवलेले अडीच इथर (इथेरियमचे नाणे) आणि सहा हजार यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले नाणे) माझ्याकडे आहेत. दीड वर्षापूर्वी ते एक्स्चेंजवरून काढून मी स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये आणले आणि तेव्हापासून ते तसेच पडून आहेत. यूएसडीसीपैकी चार हजार मला साधारण आठ महिन्यांनी लागतील, कारण तेव्हा घराचा ताबा मिळणार असून बिल्डरला शेवटचा हप्ता द्यायचा आहे. उरलेल्या दोन हजारांना आणि इथरला निदान पाच वर्षे हात लावायचा नाही.

गेले दोन महिने दर रविवारी मी एक तक्ता भरतो आहे. आवे, कंपाउंड आणि मॉर्फोवरच्या तीन व्हॉल्ट (या सगळ्या ठेवी घेऊन कर्ज देणाऱ्या जागा), स्कायचे बचत खाते, लिडो व रॉकेट पूल (इथर स्टेक करणाऱ्या सेवा) आणि युनिस्वॅप या अदलाबदलीच्या जागेवरची इथर-यूएसडीसी जोडी यांचे त्या त्या दिवशीचे वार्षिक दर त्यात आहेत. अडचण अशी, की त्यांचा क्रम दर आठवड्याला बदलतो. तीन आठवड्यांपूर्वी जी व्हॉल्ट सर्वांत वर होती ती आज चौथी आहे, आणि मध्येच एका रविवारी आवेचा दर दुपटीच्या जवळ जाऊन पुढच्या रविवारी पुन्हा खाली आला. मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे. सॉलिडिटी, म्हणजे यांचा कोड ज्या भाषेत लिहितात ती, वाचता येत नाही, पण हिशेब समजतो आणि वेळ देण्याची तयारी आहे.

हे दर मुळात एकमेकांशी तुलना करण्याजोगे आहेत का, आणि नसतील तर तुलना कशाची करावी? चार हजारांसाठी एक जागा आणि उरलेल्या रकमेसाठी दुसरी, असे करणे शहाणपणाचे ठरेल का? कोणते नाणे घ्यावे हे मी विचारत नाही. जे आहे ते कुठे ठेवावे, एवढाच प्रश्न आहे.


तारणगहाण

आपल्या तक्त्यात दराचा रकाना आहे, पण तो दर कोणाच्या खिशातून येतो याचा रकाना नाही, आणि माझ्या मते सगळी तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी. मी यूएसडीसीपुरतेच लिहितो. इथरबद्दल इथे माझ्याहून जाणती माणसे आहेत.

आवे आणि कंपाउंड यांचा व्यवहार आपल्याला सोनेतारण कर्जासारखा समजून घेता येईल. कर्जदार आपले इथर किंवा बिटकॉइन तारण ठेवतो, त्याच्या किमतीपेक्षा कमी रकमेचे यूएसडीसी उचलतो आणि त्यावर व्याज देतो. तारणाची किंमत ठरलेल्या मर्यादेखाली घसरली की कोणीही पुढे येऊन त्याच्या कर्जाचा काही भाग फेडू शकतो आणि मोबदल्यात तेवढ्या किमतीचे तारण थोड्या सवलतीत घेऊन जातो. नोटीस नाही, मुदतवाढ नाही, वसुली अधिकारी नाही. कर्जदाराची पत कोणी तपासत नाही, कारण पत म्हणजे ते तारणच. आपल्याला मिळणारे व्याज या कर्जदाराकडून येते आणि तो बहुधा असा माणूस असतो, ज्याला इथर विकायचे नाही पण डॉलर हवे आहेत, किंवा ज्याला उधारीवर आणखी इथर घ्यायचे आहे. त्यामुळे तेजी आली की उचल वाढते व दर चढतात, आणि बाजार थंडावला की ते उतरतात. त्या एका रविवारी आवेचा दर दुप्पट दिसला तो यामुळे.

दराचे गणित सरळ आहे. समजा एका बाजारात १०० कोटींच्या ठेवी आहेत, त्यांपैकी ८० कोटी कर्जाऊ गेले आहेत, कर्जदार ६ टक्के देतो आहे आणि व्याजातील १० टक्के वाटा प्रोटोकॉलच्या, म्हणजे आवेसारख्या व्यवस्थेच्या, तिजोरीत जातो. मग ठेवीदाराला ६ गुणिले ०.८ गुणिले ०.९, म्हणजे ४.३२ टक्के मिळतात. यातील ०.८ हा आकडा, ज्याला सगळे युटिलायझेशन, म्हणजे वापर, म्हणतात, तो आपण तक्त्यात अवश्य घ्यावा, कारण दराबरोबर तो आणखी एक गोष्ट सांगतो: जे २० कोटी कर्जाऊ गेलेले नाहीत तेवढेच या क्षणी काढता येतात. वापर ठरावीक टप्प्याच्या पुढे गेला की सूत्र कर्जाचा दर एकदम उभा चढवते, जेणेकरून कर्जदारांनी पैसे परत करावेत आणि नव्या ठेवीदारांनी यावे. बहुतेक वेळा ते काही तासांत घडतेही. पण वापर १०० टक्के असेपर्यंत ठेवीदाराला काढायला एक छदामही नसतो. म्हणजे ज्या दिवशी तक्त्यातला दर सर्वांत मोहक दिसतो, तोच नेमका पैसे अडकण्याचा दिवस असू शकतो. आपल्या चार हजारांना तारखेची अट आहे, म्हणून आपल्यासाठी हा मुद्दा दरापेक्षा मोठा आहे.

आता या दोघांतला फरक. आवेमध्ये ठेवलेले तारणही पुढे कर्जाऊ दिले जाते आणि त्यावर व्याज मिळते. एकाच तिजोरीत अनेक मालमत्ता एकमेकींना बांधलेल्या असतात. २०२२च्या नोव्हेंबरात एका मोठ्या खातेदाराने यूएसडीसी तारण ठेवून सीआरव्ही टोकनची प्रचंड उचल केली. बाजारात त्या टोकनला पुरेसे विक्रेते नसल्यामुळे लिक्विडेशन, म्हणजे तारणातून कर्जाची वसुली, पूर्ण झाले नाही आणि आवेवर सुमारे १६ लाख डॉलरचे बुडीत कर्ज राहिले. ते पुढे भरून काढले गेले, पण कमी उलाढालीची मालमत्ता तिजोरीत घेण्याची किंमत त्यातून कळली. कंपाउंडने २०२२ साली आणलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळा मार्ग धरला: प्रत्येक बाजारात एकच मालमत्ता उचलता येते, तारण कोणालाही पुढे दिले जात नाही आणि म्हणून तारणावर व्याजही नाही. यूएसडीसी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना समजायला सोपी आहे आणि मला ती आवडते. कंपाउंडच्याही नावावर चूक आहेच. २०२१च्या सप्टेंबरात एका सुधारणेतील दोषामुळे काही खात्यांना कोट्यवधी डॉलरचे कॉम्प हे कंपाउंडचे स्वतःचे टोकन जादा वाटले गेले, मात्र ठेवीदारांच्या मुद्दलाला धक्का लागला नाही.

मॉर्फोच्या तीन व्हॉल्ट आपण एकाखाली एक लिहिल्या आहेत, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. मॉर्फोवर प्रत्येक बाजार स्वतंत्र असतो: एक तारण, एक कर्ज, बाजारभाव कळवणारा एक ऑरेकल आणि लिक्विडेशनची एक मर्यादा. बाजार सुरू झाल्यावर यातले काहीही बदलता येत नाही. मुळातला कोड छोटा आहे, हे चांगलेच आहे. पण आपण बाजारात थेट पैसे ठेवत नाही. आपण व्हॉल्टमध्ये ठेवतो, आणि कोणत्या बाजाराला किती द्यायचे हे व्हॉल्टचा क्युरेटर, म्हणजे व्यवस्थापक, ठरवतो. तेव्हा दोन व्हॉल्टमधला दीड टक्क्याचा फरक मॉर्फोमुळे पडत नाही, क्युरेटरने कोणते तारण स्वीकारले आहे त्यामुळे पडतो. २०२५च्या नोव्हेंबरात स्ट्रीम फायनान्सने जाहीर केले, की बाहेरच्या एका व्यवस्थापकाकडे दिलेले सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलर बुडाले. त्यांचे एक्सयूएसडी हे टोकन कोसळले आणि ते तारण म्हणून घेणाऱ्या काही व्हॉल्ट, मॉर्फोवरच्या आणि इतरत्रच्याही, त्यात अडकल्या. ज्या व्हॉल्टनी ते तारण घेतलेच नव्हते त्यांना काही झाले नाही. म्हणून व्हॉल्टच्या पानावर दर पाहण्याआधी खाली जाऊन तारणांची यादी वाचावी, आणि त्यातले एखादे नाव आपल्याला ओळखता आले नाही तर ती व्हॉल्ट तक्त्यातून काढावी.

स्कायचे बचत खाते, म्हणजे पूर्वीच्या मेकरडाओचे, या तिन्हींहून वेगळे आहे. तिथला दर क्षणाक्षणाच्या मागणीवर ठरत नाही, मतदानाने ठरतो, आणि तो कर्जदारांच्या व्याजातून तसेच अमेरिकी सरकारी रोख्यांसारख्या मालमत्तेच्या उत्पन्नातून दिला जातो. २०२३च्या ऑगस्टमध्ये हा दर ८ टक्के करण्यात आला आणि काही दिवसांतच ५ टक्क्यांवर आणला गेला, इतका पैसा तिकडे लोटला होता. ठरवणारे आपण नाही, एवढे लक्षात ठेवून तिथे जावे. शिवाय यूएसडीसीचे यूएसडीएस करावे लागते, म्हणजे आणखी एका नाण्याच्या भरवशावर राहावे लागते.

आणि खुद्द यूएसडीसीचा भरवसाही पूर्ण नाही. २०२३च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर तिथे होते, आणि त्या शनिवारी यूएसडीसी ८८ सेंटच्या खाली गेले. सोमवारी ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळणार हे स्पष्ट झाल्यावर ते सावरले. त्या शनिवार-रविवारी ज्यांना हप्ता भरायचा होता त्यांचे काय झाले असेल, याचा विचार मी तेव्हा बराच वेळ केला होता.

आता आपल्या चार हजारांचा हिशेब. ४ टक्क्यांनी आठ महिन्यांचे सुमारे १०७ डॉलर होतात. दर एक टक्का जास्त मिळाला तर त्यात २७ डॉलरांची भर पडते. या २७ डॉलरांसाठी अनोळखी तारणाची व्हॉल्ट घ्यावी का, हा प्रश्न मी विचारतो आणि माझे उत्तर नाही असे आहे. खरे तर तारीख इतकी पक्की असेल तर हे चार हजार आत्ताच रुपयांत आणून बँकेत मुदत ठेव करावी, असे माझे मत आहे. तिथे प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे आणि आपली रक्कम त्याच्या आतच बसते. डीफायमध्ये, म्हणजे बँकेविना चालणाऱ्या या व्यवस्थांमध्ये, असे संरक्षण कोणी देत नाही.


डब्लिनहून_शिरीष

तारणगहाण यांनी यूएसडीसीबद्दल जे लिहिले त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी इथरबद्दल लिहितो. आम्ही चार मित्रांनी मिळून ३२ इथर जमवून, ते नेटवर्कमध्ये अडकवून (यालाच स्टेक करणे म्हणतात) घरीच व्हॅलिडेटर चालवायला घेतला आहे, त्यामुळे हा परतावा उगमापाशी कसा दिसतो ते मला रोज पाहायला मिळते.

२०२२च्या सप्टेंबरातील मर्ज नावाच्या मोठ्या बदलानंतर इथेरियमवर व्यवहारांची खातरजमा व्हॅलिडेटर करतात, आणि त्याबद्दल नेटवर्क त्यांना नवे इथर देते. शिवाय व्यवहारांच्या फीचा काही भाग मिळतो. सध्याच्या काळात हे सगळे मिळून वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास पडते. इथे पैसे देणारा कर्जदार नाही, त्यामुळे कर्ज बुडण्याचाही प्रश्न नाही. आमच्या घरचे इंटरनेट एकदा शनिवारी सकाळी गेले ते रविवारी संध्याकाळी आले. तेवढ्या काळात जेवढे मिळाले असते साधारण तेवढाच दंड झाला, म्हणजे जेवणाचे पैसे गेले पण मुद्दल जागेवर राहिले. मुद्दलाला मोठी कात्री लागते ती एकाच किल्लीने दोन ठिकाणांहून परस्परविरोधी सह्या झाल्या तर, आणि ते टाळणे चालवणाऱ्याच्या हातात असते.

आपल्याकडे अडीच इथर आहेत, म्हणजे लिडो किंवा रॉकेट पूल असा कोणाचा तरी हात धरावा लागेल. लिडो मिळकतीतून १० टक्के कापून घेतो आणि आपल्याला स्टेक केलेल्या इथरची पावती म्हणून एसटीईथ हे टोकन देतो. यात पाहायची गोष्ट बाहेर पडण्याची वाट आहे. २०२३च्या एप्रिलपर्यंत स्टेक केलेले इथर परत काढण्याची सोयच नव्हती, आणि २०२२च्या जूनमध्ये मोठमोठ्या धारकांना एकदम पैसे लागले तेव्हा बाजारात एका एसटीईथला ०.९५ इथरहूनही कमी भाव मिळत होता. ज्यांनी विकले नाही त्यांचे काहीच गेले नाही. ज्यांनी एसटीईथ तारण ठेवून, इथर उचलून, पुन्हा एसटीईथ घेण्याची फेरी केली होती, त्यांना मात्र विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता परत काढण्याची सोय आहे, पण रांग असते. २०२५च्या सप्टेंबरात ती चाळीस दिवसांच्या पुढे गेली होती. पाच वर्षे थांबणाऱ्याला त्याने फरक पडू नये. रॉकेट पूलमध्ये व्हॅलिडेटर चालवणारे अधिक विखुरलेले आहेत आणि चालवणाऱ्याला स्वतःचेही इथर अडकवावे लागते, म्हणून मनाने मी त्यांच्या बाजूचा आहे, पण त्यांचे तसेच टोकन, आरईथ, बाजारात तुलनेने कमी खेळते.

युनिस्वॅपची जोडी मात्र कृपया या तक्त्यातून काढून टाकावी. तिथे दिसणारा दर म्हणजे अदलाबदल करणाऱ्यांकडून मिळालेली फी आहे, आणि त्यातून जो तोटा वजा करायचा तो कुठेही लिहिलेला नसतो. हिशेब करून पाहा. इथर २००० डॉलरला असताना आपण १ इथर आणि २००० यूएसडीसी जुन्या पद्धतीच्या, सगळ्या किमतींवर पसरलेल्या पूलमध्ये, म्हणजे अदलाबदलीच्या सामायिक साठ्यात, ठेवले. इथर ४००० झाला. पूल चढत्या भावात आपले इथर विकत जातो, त्यामुळे आपल्याजवळ आता ०.७०७ इथर आणि २८२८ यूएसडीसी उरतात, म्हणजे एकूण ५६५७ डॉलर. काहीच न करता दोन्ही वॉलेटमध्ये ठेवले असते तर ६००० झाले असते. ५.७ टक्के कमी. भाव चौपट झाला तर ही तूट २० टक्के होते. भाव पडला तर उलट बाजूने, पूल आपल्या माथी इथर मारत जातो. २०२१ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत रक्कम ठरावीक किंमतपट्ट्यात एकवटता येते. त्याने फी वाढते आणि ही तूटही तितकीच तीव्र होते. जो माणूस दिवसभर पट्टे हलवत बसू शकतो त्याचा हा धंदा आहे. ज्याला पाच वर्षे इथर जपायचे आहे त्याने चढत्या बाजारात ते आपोआप विकणारी व्यवस्था का स्वीकारावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही.


मोगरा

वर तारणगहाण दादांनी युटिलायझेशनबद्दल लिहिले आहे. तो अनुभव मी घेतला आहे, म्हणून लिहिते. व्हॉल्टचे नाव सांगणार नाही, कारण मुद्दा त्या एका व्हॉल्टचा नाही.

मी नऊ हजार यूएसडीसी एका व्हॉल्टमध्ये ठेवले होते. दर तेव्हा आवेपेक्षा अडीच टक्क्यांनी जास्त होता आणि तारणांच्या यादीत सहा नावे होती, त्यांतली चार मला माहीत होती. उरलेली दोन माहीत नसूनही मी ठेवले, ही चूक माझी. एका सकाळी त्या दोनांपैकी एका टोकनचा भाव घसरल्याची बातमी वाचली आणि पैसे काढायला गेले. पानावर माझी शिल्लक पूर्ण दिसत होती, व्याजासकट. तिच्या खाली काढता येण्याजोगी रक्कम होती शून्य. दर मात्र तासातासाने चढत होता. सकाळी तो ११ टक्के होता आणि रात्री ४० च्या पुढे गेला, आणि ते पाहून नवीन कोणीतरी पैसे टाकेल व तेवढे मला काढता येतील, याची मी वाट पाहत होते, हे सांगताना मला बरे वाटत नाही. पुढचे पाच दिवस मी पहाटे आणि रात्री पान उघडून बसत असे. कोणी कर्जदार थोडे फेडी, की ती शून्याची ओळ क्षणभर ३४० किंवा ११०० दाखवत असे, आणि मी सही करेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते काढलेले असत. सात वेळा फसले, चार वेळा जमले. शेवटी मला ८२०० मिळाले. उरलेले अजून तिथेच आहेत, शिल्लक म्हणून दिसतात.

दुसरी गोष्ट साधी आहे पण कोणी सांगत नाही. प्रोटोकॉलमध्ये पहिल्यांदा यूएसडीसी टाकताना वॉलेट आधी अप्रूव्हलची सही मागते. तिथे बऱ्याचदा ११५७९२ या अंकांनी सुरू होणारा प्रचंड मोठा आकडा आलेला असतो. याचा अर्थ त्या कॉन्ट्रॅक्टला तुमचे सगळे यूएसडीसी, आजचे आणि पुढे येणारेही, कधीही उचलण्याची परवानगी. तो आकडा खोडून तिथे जेवढे ठेवायचे तेवढेच लिहावे. हार्डवेअर वॉलेट किल्ली जपते. आपण स्वतः दिलेली परवानगी ते अडवत नाही.


सिंहगडरोड

तिघांचेही मनापासून आभार. मोगरा ताई, आपण हे लिहिलेत ते माझ्यासाठी फार मोलाचे आहे. आपण सांगितल्यावर मी तिन्ही व्हॉल्टच्या तारणांच्या याद्या उघडून पाहिल्या. एकीत फक्त बिटकॉइनची आणि लिडोची रूपे आहेत, बाकी दोन्हींत मला न कळणारी तीन-तीन नावे निघाली. त्या दोन्ही काढल्या.

एक शंका राहिली. एथेनाचे एसयूएसडीई हे परतावा देणारे डॉलर-टोकन मी तक्त्यात घेतले नव्हते, पण मधल्या काळात त्याचा दर इतर सगळ्यांच्या वर दिसला आहे. २०२२ साली अँकरवर, म्हणजे यूएसटी या डॉलरशी बांधलेल्या नाण्याच्या ठेवयोजनेवर, साडेएकोणीस टक्के मिळत होते आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. हे त्याच जातीचे आहे का?


तारणगहाण

त्याच जातीचे नाही, पण निर्धास्त राहावे असेही नाही. पुन्हा पैसे देणाऱ्याकडे पाहू. अँकरवर ठेवीदारांना द्यायच्या रकमेइतके व्याज कर्जदारांकडून येतच नव्हते. तूट राखीव निधीतून भरली जात होती आणि तो निधी संपत आल्यावर २०२२च्या फेब्रुवारीत त्यात ४५ कोटी डॉलर ओतावे लागले. मे महिन्यात यूएसटी कोसळले. तो दर म्हणजे ग्राहक ओढण्यासाठी केलेला खर्च होता.

एथेनाकडे देणारा आहे. ते इथर, बिटकॉइन अशी मालमत्ता हातात ठेवतात आणि तेवढ्याच रकमेची विक्रीची पोझिशन फ्यूचर्समध्ये घेतात, त्यामुळे भाव कुठेही गेला तरी डॉलरमधली किंमत जवळपास स्थिर राहते. तेजीत उधारीवर खरेदी करणारे लोक विक्रीच्या बाजूला जो फंडिंग रेट देतात, ती यांची मुख्य कमाई. मंदीत तो दर शून्याच्या जवळ येतो, कधी उलटाही होतो. शिवाय या पोझिशन केंद्रीय एक्स्चेंजवर असतात आणि एसयूएसडीईमधून बाहेर पडताना सात दिवस थांबावे लागते. तेजीच्या दिवसांतला त्यांचा दर वर्षभराचा धरून तक्त्यात लिहिणे चूक ठरेल. पाच वर्षांच्या रकमेतला छोटा भाग म्हणून कोणी ठेवला तर मी हरकत घेणार नाही. हप्त्याच्या पैशांसाठी मात्र हरकत घेईन.

आणि कोड तपासून घेतला आहे, या शब्दाचाही आधार मर्यादितच मानावा. युलर या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलचा कोड अनेकांनी तपासला होता आणि २०२३च्या मार्चमध्ये तिथून १९ कोटी ७० लाख डॉलर गेले. बहुतांश परत मिळाले ते चोराशी बोलणी झाल्यामुळे. बॅलन्सर या अदलाबदलीच्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती चार वर्षे चालत होती, तरी २०२५च्या नोव्हेंबरात पूर्णांकनातील एका चुकीतून १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली. म्हणून पाच वर्षांच्या पैशांतही एकाच ठिकाणी सगळे नको.


वहीखाते

मी ठाण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करते. वरच्या चर्चेत कराचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि भारतात राहणाऱ्या माणसासाठी त्याने हा सगळा तक्ता उलटापालटा होऊ शकतो.

२०२२च्या वित्त कायद्यापासून क्रिप्टो मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर आणि लागू असल्यास अधिभार आहे. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. गॅस फी (नेटवर्कवरच्या व्यवहाराचे शुल्क), व्हॉल्टचे शुल्क यांपैकी काहीही वजा होत नाही. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. रुपये हातात आले नाहीत तरी क्रिप्टोची क्रिप्टोशी अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे.

आता हे प्रत्येक पर्यायाला लावून पाहा. युनिस्वॅपच्या पूलसाठी निम्मे इथर विकून यूएसडीसी घेतले, की २०२१ पासूनच्या नफ्यावर तिथेच कर लागला, आणि शिरीष सरांनी दाखवलेली ५.७ टक्क्यांची तूट कुठेही दाखवता येत नाही. यूएसडीसीचे यूएसडीएस केले, तेही हस्तांतरण. त्यात नफा कसला, असे वाटेल. पण २०२१ मध्ये डॉलर पंचाहत्तर रुपयांच्या आसपास होता, आणि रुपया घसरल्यामुळे झालेली वाढ हाही रुपयांत नफाच आहे. उलट आवे किंवा कंपाउंडमध्ये तेच यूएसडीसी ठेवून तेच परत घेतले तर त्याला ठेव म्हणायचे की हस्तांतरण, याबद्दल स्पष्ट नियम नाही. मी माझ्या अशिलांच्या बाबतीत मुद्दल ठेव धरते आणि व्याज त्या त्या दिवशीच्या भावाने इतर उत्पन्नात दाखवते. ही माझी भूमिका आहे. आपल्या सल्लागारांना विचारूनच ठरवावे.

लिडोबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. एसटीईथची शिल्लक रोज थोडी थोडी वाढते. गेल्या वर्षी एका अशिलाचे ३६५ दिवसांचे ३६५ जमाव्यवहार आम्ही दोघींनी मिळून तीन दिवस बसून रुपयांत मांडले, प्रत्येक दिवसाचा इथरचा भाव शोधून. डब्ल्यूएसटीईथ (एसटीईथचेच दुसरे रूप) किंवा आरईथ यांची संख्या वाढत नाही, त्यांची किंमत वाढते, त्यामुळे रोजच्या नोंदी उरत नाहीत. मात्र इथर देऊन ते घेणे हेच हस्तांतरण धरले गेले तर सुरुवातीलाच मोठा कर येऊ शकतो. अडीच इथरवर वर्षाला ३ टक्के म्हणजे पाऊण दशांश, ०.०७५ इथर. त्यासाठी आत्ता किती कर ओढवून घ्यायचा, हे आपल्या खरेदी किमती माझ्यासमोर नसताना मी सांगू शकत नाही, पण आपण स्वतः मांडून पाहू शकता. शक्यता आहे की काही वर्षांचा परतावा त्या एका करात जाईल.

चार हजार यूएसडीसी विकताना एक टक्का टीडीएस कापला जाईल. तो विवरणपत्रात परत मागता येतो. खरेदीच्या तारखा आणि किमतींचे उतारे आत्ताच उतरवून ठेवावेत, कारण विवरणपत्रात या मालमत्तेसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे आणि त्यात व्यवहारागणिक तारखा भराव्या लागतात.


सिंहगडरोड

वहीखाते ताईंचे उत्तर वाचून काल रात्री खरेदीचे उतारे काढले. माझे दोन इथर फार स्वस्तात घेतलेले आहेत आणि अर्धा इथर २०२१च्या शेवटी, चढ्या भावात. त्या दोन इथरांचे आत्ता डब्ल्यूएसटीईथ केले आणि ते हस्तांतरण ठरले, तर स्टेकिंगच्या अनेक वर्षांच्या मिळकतीहून मोठा कर येतो. म्हणून ते दोन वॉलेटमध्येच राहतील. चढ्या भावातल्या अर्ध्या इथरावर आज नफाच नसल्यामुळे तेवढेच रॉकेट पूलमध्ये ठेवावे, असे ठरवले आहे. चार हजार यूएसडीसी या आठवड्यात रुपयांत आणतो. उरलेल्या दोन हजारांपैकी एक हजार कंपाउंडमध्ये आणि एक हजार आवेमध्ये, दोन्ही पॉलिगॉन या इथेरियमशी जोडलेल्या नेटवर्कवर, कारण तिथे गॅस फी कमी लागते. यात काही चुकते आहे का?


तारणगहाण

इतर चुकत नाही. पॉलिगॉनवर जाताना एक पाहावे. तिथे दोन वेगवेगळी यूएसडीसी आहेत: एक जुने, इथेरियमवरून ब्रिज, म्हणजे दोन नेटवर्क जोडणारा पूल, वापरून आणलेले, ज्याला आता यूएसडीसी डॉट ई म्हणतात, आणि दुसरे सर्कल या यूएसडीसीच्या कंपनीने २०२३च्या ऑक्टोबरपासून थेट पॉलिगॉनवर काढलेले. वॉलेटमध्ये दोन्हींचे चिन्ह जवळपास सारखे दिसते. जुन्याची जबाबदारी ब्रिजवर आहे, सर्कलवर नाही, आणि कंपाउंड व आवेवरचा बाजार यांपैकी कोणते स्वीकारतो ते ठेवण्याआधी पाहावे. सर्कलच्या संकेतस्थळावर दिलेला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि वॉलेटमधल्या टोकनचा पत्ता पहिल्या सहा व शेवटच्या सहा अक्षरांवर न थांबता पूर्ण ताडून पाहावा. आधी वीस यूएसडीसी पाठवून, ठेवून, दुसऱ्या दिवशी काढून पाहावेत आणि मगच उरलेले हलवावेत. अप्रूव्हलमध्ये वीसच लिहावे.